नव्या गाडीचा तात्पुरता नंबर: शोरूमच्या दारापासून कायमच्या पाटीपर्यंत

शोरूममधून बाहेर पडणाऱ्या नव्या गाडीवर कोणत्या रंगाची पाटी आहे ते आधी बघा. लाल पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर कायद्याच्या नजरेत ती गाडी अजून डीलरच्या ताब्यात आहे. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतील तर तो तात्पुरता नंबर, म्हणजे बोलीभाषेत टीआर किंवा टेम्पररी पासिंग. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं, किंवा विजेच्या गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी, म्हणजे खासगी गाडीची कायमची नोंदणी झाली. टॅक्सी-टेम्पोचीही पाटी पिवळीच असते, पण तिच्यावर अक्षरं काळी असतात. त्यामुळे लांबून गल्लत होते.

या तिन्हींत न बसणारी चौथी पाटी म्हणजे ‘ए/एफ’. नोंदणीसाठी अर्ज केलाय, एवढंच तिच्यातून सांगायचं असतं. कित्येक वर्षं लोक ती मिरवत आले, पण तिला कायद्यात काडीचा आधार नाही. अर्ज केला म्हणजे नोंदणी झाली असं होत नाही. तात्पुरता नंबर कागदावर छापून काचेला किंवा बंपरला चिकटवणंही २०२०च्या अधिसूचनेनंतर चालत नाही, पाटी नीट रंगवलेली किंवा छापलेलीच लागते. कागदाचा हा घोळ आपल्याकडेच होता असं नाही. अमेरिकेत टेक्सासमधले डीलर संगणकावरून कागदी तात्पुरते नंबर छापून द्यायचे. बनावट नंबरांचा इतका सुळसुळाट झाला की १ जुलै २०२५ पासून तिथे कागद बंद करून विक्रीच्या वेळीच धातूची पाटी द्यायचा नियम आला. डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी मंडळींना हा बदल ठाऊक असेलच.

हा लेख महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि नवी गाडी घेणाऱ्यांसाठी आहे, खासकरून गोवा, कर्नाटक, गुजरात किंवा तेलंगणातून गाडी आणणाऱ्यांसाठी. टीआरचा खरा प्रश्न त्यांनाच पडतो.

लाल पाटी तुमची नव्हे

डीलर, उत्पादक आणि चाचणी संस्थांना व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे ट्रेड सर्टिफिकेट मिळतं. नोंदणी न झालेल्या गाड्या मर्यादित कामासाठी रस्त्यावर आणायची ती परवानगी असते. पूर्वी ते दरवर्षी काढावं लागायचं. २०२२च्या सुधारणेनंतर ते सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवरून ऑनलाइन मिळतं आणि त्याची मुदत ५ वर्षं असते.

लाल पाटीवर काय चालतं याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ४१ मध्ये आहे. ग्राहकाला चाचणी फेरी देणं, दुरुस्तीनंतर गाडी तपासणं, वजनकाट्यावर नेणं, नोंदणीसाठी आरटीओत नेणं-आणणं, बॉडी बसवायला किंवा रंगकामाला नेणं, रेल्वे स्टेशन किंवा बंदरावर पोचवणं, प्रदर्शनात नेणं, डिलिव्हरीसाठी ग्राहकाच्या दारापर्यंत आणणं, अशी ही कामं आहेत. तुम्ही कुटुंबासह महाबळेश्वरला जाणं या यादीत बसत नाही.

लगेच पुढचा नियम ४२ तर एका वाक्यात संपतो: ट्रेड सर्टिफिकेटधारकाने तात्पुरत्या किंवा कायमच्या नोंदणीशिवाय ग्राहकाला गाडी द्यायची नाही. तरीही सेल्समन हमखास म्हणतो, ‘सर, दोन दिवस लाल पाटीवर चालवा, नंबर पडला की कळवतो.’ हे ऐकू नका. चावी तुमच्या हातात आली, पैसे भरले गेले, विक्रीचं बिल तुमच्या नावावर फाटलं, की गाडी डीलरच्या धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आहे असं म्हणायला जागा उरत नाही. मग ती बिननोंदणीचीच ठरते. त्या दोन दिवसांत अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी हाच मुद्दा काढते.

टीआर लागतो कधी आणि लागत नाही कधी

२०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याची मांडणी बरीच सरळ झाली आहे. डीलर ज्या राज्यात आहे त्याच राज्यात गाडीची नोंदणी होणार असेल, तर अर्ज डीलरने करायचा (कलम ४१). नंबर पडून पाटी गाडीवर लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही, हेही त्याच कलमात आहे. अधिकृत डीलरने विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओत नेऊन दाखवायची गरज नाही, हे कलम ४४ मध्ये आहे.

इथे एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पूर्वी गाडीची नोंदणी आपल्याच विभागाच्या आरटीओत करावी लागायची. म्हणून साताऱ्याच्या माणसाने पुण्यात गाडी घेतली की टीआर काढून ती साताऱ्याला न्यायची आणि तिथे पासिंग करायचं, अशी पद्धत पडली. आता कलम ४० म्हणतं की राहत्या राज्यातल्या कोणत्याही नोंदणी प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्यामुळे पुण्यातल्या डीलरकडून एमएच-१२ घेऊन थेट साताऱ्याला जायला कायद्याची आडकाठी नाही. एमएच-११च हवा असा हट्ट असेल तर तसं बुकिंगच्या वेळीच सांगा आणि तिथल्या नोंदणीचा अर्ज कोण करणार ते लिहून घ्या. ‘तुमचा जिल्हा वेगळा, टीआर घ्यावाच लागेल’ असं कुणी ठासून सांगितलं तर कारण विचारा. पुष्कळदा शोरूमला स्वतःची फाईल लवकर बंद करायची असते, एवढंच.

मग टीआर लागतो कुणाला? मुख्यतः दोघांना. एक, दुसऱ्या राज्यात गाडी घेऊन ती आपल्या राज्यात नोंदवणाऱ्याला. दोन, फक्त चासी, म्हणजे बॉडीविना गाडीचा सांगाडा, घेऊन त्यावर ट्रकची किंवा बसची बॉडी बांधून घेणाऱ्याला. राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्या गाडीला एक महिन्यापर्यंत तात्पुरती नोंदणी द्यायची मुभा कलम ४३ ने राज्य सरकारांना दिली आहे. ती मुभा आहे, ग्राहकाचा हक्क नाही. मुहूर्त गाठायला शोरूमने पुढे केलेला टीआर या मुभेतून आलाय की नुसता बोलण्यातला आहे, हे प्रमाणपत्र हातात घेऊनच ठरवा.

मुहूर्ताची डिलिव्हरी: उलटं मोजा

पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी. या चार दिवसांच्या आधीच्या आठवड्यात वाहन पोर्टलवर अर्जांची रीघ लागते आणि नंबर पाट्या बनवणाऱ्यांकडेही रांग असते. दसऱ्याला गाडी हवी असेल तर दसऱ्यापासून मागे मोजत या. उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, नंबर पडल्याशिवाय छापताच येत नाही, कारण नंबर तिच्यावर ठशाने उमटवलेला असतो. तेव्हा पाटी छापून शोरूमला यायला तीन-चार दिवस धरा. नंबर पडण्यासाठी टॅक्स भरलेला आणि अर्ज मंजूर झालेला हवा, त्यासाठी आणखी दोन-तीन दिवस. टॅक्स भरायला विमा काढलेला आणि चासी नंबर ठरलेला हवा. बँकेचं कर्ज असेल तर वाटपाचं पत्रही. म्हणजे सगळी रक्कम आणि कागद दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी शोरूमला पोचले पाहिजेत. ‘आदल्या दिवशी पैसे भरा, सगळं होऊन जाईल’ हे आश्वासन बहुतेक वेळा लाल पाटीवर किंवा ए/एफवर येऊन थांबतं.

पसंतीचा नंबर हवा असेल तर तो डीलरने अर्ज पुढे ढकलण्याआधी राखून ठेवायला हवा. एकदा पोर्टलने आपोआप नंबर दिला की तो बदलून मिळत नाही.

परराज्यातून गाडी आणायची तर

सावंतवाडीच्या माणसाला म्हापसा जवळ, चंदगडच्या माणसाला बेळगाव. हवं ते मॉडेल किंवा रंग तिथे तयार मिळतो, कधी सवलतही बरी असते. त्यात गैर काही नाही. फक्त कर वाचेल हा समज आधी काढून टाका. जीएसटीचा दर देशभर एकच आहे, आणि वाहन कर गाडी जिथे कायमची नोंदवली जाते तिथल्या दराने भरायचा असतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल कारला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलला १३ ते १५ टक्के एकरकमी कर आहे. कंपनीच्या नावावर घेतली तर तो बराच जास्त पडतो. गोव्यात कुणा ओळखीच्याचा पत्ता लावून तिथलाच कायमचा नंबर घ्यायचा सल्ला देणारे एजंट भेटतील. खोट्या कागदांवर नोंदणी केली तर कलम १९२ ब खाली मालकाला ६ महिने ते १ वर्ष कैद आणि वर दंड आहे. शिवाय दुसऱ्या राज्याची गाडी १२ महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो (कलम ४७) आणि इथला करही भरावा लागतो. वाचवलेलं सगळं तिथे निघून जातं.

आता क्रमाने करायचं काय ते बघू.

१. बुकिंग फॉर्मवरच लिहून घ्या की कायमची नोंदणी महाराष्ट्रात होणार आहे आणि डीलर फक्त तात्पुरती नोंदणी करून देणार आहे. हे लिहिलं नाही तर शोरूमचा माणूस सवयीने तिथल्या कायमच्या नोंदणीचा अर्ज भरून मोकळा होतो. मग ना हरकत प्रमाणपत्र, कर परतावा, असं लांबलचक प्रकरण मागे लागतं.

२. नाव आणि पत्ता आधारप्रमाणेच, अक्षरन् अक्षर तसाच. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ एवढ्या फरकानेही पुढे अर्ज अडतो. मोबाईल नंबर स्वतःचा द्या आणि तोच भरला गेलाय हे पडद्यावर बघा. घाईत शोरूमचे लोक आपलाच नंबर टाकतात, कारण ओटीपी त्यांना लगेच हवा असतो. त्याचा त्रास तीन-चार वर्षांनी कळतो. गाडी विकायला किंवा बँकेचा बोजा उतरवायला जावं, तर ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जातो.

३. चासी नंबर स्वतः वाचा. कारमध्ये तो बहुधा पुढच्या सीटखाली पत्र्यावर किंवा बॉनेटखाली मागच्या भिंतीवर कोरलेला असतो, दुचाकीला हँडलच्या मानेवर. तो १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ०सारखी दिसतात. कागदावर ओ दिसला तर तो शून्य असायला हवा होता, हे लगेच ओळखा. गाडी, बिल, फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र), फॉर्म २२ (रस्तायोग्यता प्रमाणपत्र) आणि विमा पॉलिसी, पाचही ठिकाणी सतराच्या सतरा अक्षरं जुळली पाहिजेत. पडताळताना मधल्या अक्षरांकडेही लक्ष द्या. लोक शेवटचे पाच-सहा आकडे बघून मान डोलावतात आणि चूक मध्येच कुठेतरी निघते.

४. विमा डिलिव्हरीच्या दिवसापासून सुरू झालेला हवा. नव्या कारला तृतीय पक्ष विमा ३ वर्षांचा आणि दुचाकीला ५ वर्षांचा सक्तीचा आहे. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एका वर्षाचाच असतो. पॉलिसीवर नंबरच्या जागी ‘न्यू’ असं छापलेलं असतं, ते चालतं. इंजिन आणि चासी नंबर मात्र बरोबर हवेत.

५. डीलर तिथल्या आरटीओकडे वाहन पोर्टलवरून तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज करतो. मिळणारा नंबर ‘टी’ या अक्षराने सुरू होतो. त्यापुढे महिना आणि वर्षाचे चार आकडे, मग राज्याची खूण, चार आकडी क्रमांक आणि शेवटी अक्षरं. म्हणजे नंबर कधी दिला गेला ते नाक्यावरच्या पोलिसाला कागद न मागताही पाटीवरून कळतं. पिवळ्या पाट्या पुढे-मागे दोन्हीकडे लावून घ्या.

६. निघण्यापूर्वी हातात काय हवं? तात्पुरतं नोंदणी प्रमाणपत्र, विक्री प्रमाणपत्र (फॉर्म २१), उत्पादकाचं रस्तायोग्यता प्रमाणपत्र (फॉर्म २२), कर बिल, विमा पॉलिसी, आणि कर्ज असेल तर बँकेची सही असलेला नोंदणीचा अर्ज (फॉर्म २०). फॉर्म २१ आणि २२ च्या मूळ प्रती मागा. ‘कुरियरने पाठवतो’ म्हणाले तर गाडी तिथेच राहू द्या. घरी परतल्यावर त्या कागदांसाठी तुम्ही दोनशे किलोमीटरवरून फोन करत बसता आणि टीआरची मुदत मात्र रोज एका दिवसाने कमी होते.

७. घरी आल्यावर लगेच आपल्या आरटीओचा अर्ज भरा. नियम ४७ प्रमाणे डिलिव्हरीपासून ७ दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा असतो, प्रवासाचे दिवस त्यात धरत नाहीत. वाहन पोर्टलवर नव्या नोंदणीचा अर्ज, कर आणि शुल्क भरायचं. खासगी कारचं नोंदणी शुल्क ६०० रुपये, दुचाकीचं ३००, आणि कारवर बँकेचा बोजा चढवायचे १५००. आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राच्या कार्डाचे २०० वेगळे. यापलीकडे कुणी ‘हँडलिंग’ म्हणून मागितलं तर त्याची सरकारी पावती मिळते का, ते विचारा.

८. परराज्यातून आलेली गाडी निरीक्षक प्रत्यक्ष बघायला मागू शकतात. त्यासाठी चासीचा पेन्सिल ठसा लागतो. कोरलेली जागा कोरड्या फडक्याने पुसा, तेलकट असेल तर थोडं पेट्रोल लावून. मऊ पेन्सिल आडवी धरून अक्षरांवर शिसं घासा. वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून बसवा, एका झटक्यात उचला आणि फॉर्मवर ठरलेल्या जागी चिकटवा. पट्टीवर अक्षरं सुलटी दिसतात. दोन ठसे घेऊन ठेवा, कारण पहिला हमखास अर्धवट उठतो. घामट हाताने काम केलं तर शिसं पसरतं आणि ८ व बी सारखेच दिसायला लागतात.

९. कायमचा नंबर पडला की एचएसआरपी. परराज्यात घेतलेल्या गाडीची पाटी तिथला डीलर सहसा पाठवत नाही, ती त्याच कंपनीच्या इथल्या डीलरकडून बुक करावी लागते. बसवताना एकदाच लागणारी कुलुपं आहेत ना, निळ्या रंगात ‘आयएनडी’, क्रोमियमचा होलोग्राम आणि लेसरने कोरलेला क्रमांक आहे ना, ते पाहा. कारच्या पुढच्या काचेवर आतून लावायचं स्टिकर, म्हणजे तिसरी पाटी, विसरू नका. पेट्रोल व सीएनजीला फिका निळा, डिझेलला केशरी, बाकीच्यांना करडा असा त्याचा रंग असतो.

मुदत: सगळा खेळ इथे आहे

पूर्वी टीआर एका महिन्याचा असायचा. २०२१च्या सुधारणेने केंद्रीय नियमांत ही मर्यादा ६ महिन्यांपर्यंत वाढली. म्हणून ‘आता सहा महिने बघायला नको’ असं म्हणणारे बरेच भेटतात. हे दोन कारणांनी चुकतं. एक तर सहा महिने ही वरची मर्यादा आहे. तुमच्या प्रमाणपत्रावर जी तारीख छापलीय तीच लागू, मग ती महिन्याभराची का असेना. दुसरं, टीआर जिवंत आहे म्हणून कायमच्या नोंदणीच्या अर्जाला उशीर करायचा परवाना मिळत नाही.

तारीख उलटली की गाडी थेट बिननोंदणीची होते. कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास १०,००० पर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद. कलम २०७ खाली पोलीस गाडी ताब्यातही घेऊ शकतात. नोंदणीचा अर्जच न करणाऱ्या मालकाला कलम १९२ ब नुसार वार्षिक कराच्या पाचपट किंवा आजीवन कराच्या एकतृतीयांश, यातलं जे जास्त ते. डीलरची जबाबदारी असून त्याने अर्ज केला नाही, तर त्याला वार्षिक कराच्या पंधरापट किंवा पूर्ण आजीवन कराइतका दंड. ९ लाखांच्या पेट्रोल कारला ११ टक्क्यांनी ९९,००० रुपये कर होतो. त्या हिशोबाने मालकाला निदान ३३,००० आणि डीलरला निदान ९९,०००. शोरूम टाळाटाळ करत असेल तर हा हिशोब लेखी पत्रात घाला आणि एक प्रत आरटीओला द्या. बहुतेक वेळा एवढ्याने काम हलतं. तरीही ढिम्म राहिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहेच.

दंड परवडला, पण विमा हातचा जाणं परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा ३० सप्टेंबर २०२१चा निकाल टीआर घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. राजस्थानात राहणाऱ्या एकाने पंजाबात नवी बोलेरो घेतली. तिचा तात्पुरता नंबर १९ जुलै २०११ रोजी संपला. कायमची नोंदणी झालेली नव्हती. तशीच गाडी घेऊन तो जोधपूरला गेला आणि २८ जुलैला मुक्कामाच्या ठिकाणाबाहेरून ती चोरीला गेली. पॉलिसी चालू होती, विम्याची रक्कम सहा लाखांवर होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मालकाच्या बाजूने निकाल दिला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेणं हाच पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. नोंदणी नसल्यामुळे काही चोरी झाली नव्हती, पण तो युक्तिवाद चालला नाही. याआधी २०१४ मध्येही टीआर संपलेल्या गाडीच्या अपघाताचा दावा असाच फेटाळला गेला होता. त्या प्रकरणात मालकाने कायमच्या नोंदणीसाठी किंवा मुदतवाढीसाठी अर्ज केल्याचा एकही कागद समोर आला नव्हता, याची न्यायालयाने नोंद घेतली.

तेव्हा टीआर मिळाल्या दिवशीच शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि पंधरा दिवस आधीची आठवण लावा. अर्जाचा क्रमांक आणि पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. आरटीओत काम अडकलं आणि तारीख उलटली, तर नवा नंबर पडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. ती सोसायटीच्या आत, आपल्या जागेत उभी ठेवा. रस्त्याच्या कडेला लावली तरी ती सार्वजनिक जागाच होते.

चासी घेणाऱ्यांसाठी थोडक्यात

ट्रक किंवा बसची नुसती चासी घेतली तर टीआरवरच ती बॉडी बांधणाऱ्याकडे जाते. ६ महिन्यांच्या आत काम झालं नाही तर ३० दिवसांची वाढ मागता येते, पण ती मुदत संपण्याआधी मागायची. बॉडी झाल्यावर फॉर्म २२-अ लागतो. त्याचा पहिला भाग चासी उत्पादक भरतो, दुसरा बॉडी बांधणारा. बांधणारा मान्यताप्राप्त आहे का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारा. मान्यता नसलेल्याने बांधलेली बॉडी कितीही देखणी असली तरी पासिंगला अडते आणि टीआरचे महिने तिथेच संपतात.

बदलीची नोकरी असेल तर

संरक्षण दल, केंद्र-राज्य सरकार, सार्वजनिक उपक्रम, किंवा चार अथवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीत नोकरी असेल तर भारत मालिकेचा, म्हणजे बदलीने राज्य बदललं तरी तोच चालणारा बीएच नंबर घेता येतो. खासगी नोकरदाराला कंपनीकडून फॉर्म ६० भरून आणावा लागतो. कर दोन वर्षांचा, किंवा दोनाच्या पटीत भरायचा. पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ८, २० लाखांपर्यंत १० आणि पुढे १२ टक्के दर धरून त्या प्रमाणात. डिझेलला त्यावर २ टक्के जास्त, विजेच्या गाडीला २ टक्के कमी. दर दोन वर्षांनी कर भरायचं लक्षात राहणाऱ्यांनीच हा मार्ग घ्यावा. सात दिवसांपलीकडे उशीर झाला की रोज १०० रुपये दंड चढतो.

नंबर पडल्यावरची राहिलेली कामं

आरसीवर नाव, पत्ता, इंधन, बोजा आणि उत्पादनाचा महिना-वर्ष तपासा. चूक त्याच आठवड्यात दाखवली तर शोरूम किंवा आरटीओ ती दुरुस्त करून देतात. वर्षाने गेलात तर प्रतिज्ञापत्रापासून सुरुवात होते. विमा कंपनीला नवा नंबर कळवून पॉलिसीवर चढवून घ्या. कंपनीच्या अॅपवरून हे काम बहुधा फुकट होतं.

फास्टॅगकडेही बघा. नव्या गाडीचा टॅग चासी नंबरवर काढलेला असतो. तो घेतल्यापासून ९० दिवसांत त्यावर गाडीचा नंबर चढवावा लागतो. नाही चढवला तर तो हॉटलिस्ट होतो, आणि पुढच्या ३० दिवसांतही काही केलं नाही तर काळ्या यादीत जातो. लांबलेल्या टीआरवाल्यांना हे हमखास भोवतं. टोलनाक्यावर खात्यात पैसे असूनही फाटक उघडत नाही आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. टॅग देणाऱ्या बँकेच्या संकेतस्थळावर आरसीची दोन्ही बाजूंची छायाचित्रं टाकली की काम होतं, एक-दोन दिवस लागतात. टीआरच्या काळात लागलेली ई-चलनं जुन्या ‘टी’ नंबरावर निघतात. तो नंबर टाकूनही एकदा शोध घ्या आणि काही निघालं तर भरून टाका.